रिळाची शेपूट

नाशिक, तिवंधा
ता. ९ जानेवारी १९३७

चि. सौ. वत्सलेस सगुणाक्काचे आशीर्वाद.

कुमुदचं जमलं. एकदाचं जमलं! पंचवटीतल्या मंगलाबाईंचा थोरला. कलेक्टर कचेरीत आहे, बोलतो कमी, चहात साखर किती हेसुद्धा आईकडे बघून सांगतो. तू लगेच नाक मुरडू नकोस. मनमाडच्या लोकांनी ‘मुलगी उलट बोलते’ म्हणून ठरलेलं मोडलं, तेव्हापासून मी तुझ्या लेकीसाठी नाशकातले उंबरठे झिजवते आहे. माझ्या चपला आणि माझा शब्द, दोन्ही झिजले. आता एकोणीस पुरी व्हायच्या आत अक्षता पडल्या म्हणजे सुटले मी.

लग्न वैशाखात, आमच्याच दारापुढे मांडव घालून. आचारी, भटजी, वाजंत्री सगळं मी बघते. तुझ्यावर एकच काम टाकते, रुखवताचं. मंगलाबाई म्हणजे साधी असामी नव्हे. रुखवतातली वस्तू त्या नुसती बघत नाहीत, उचलतात, उलटी करतात आणि मागच्या गाठी तपासतात. त्यांच्या धाकट्या जावेच्या रुखवतात एक रुमाल विकतचा निघाला होता, तो त्या बाईला अजून पुरतो आहे. दर सणाला निघतो. कुमुदच्या जन्माला तसलं काही चिकटायला नको. तेव्हा पोरीला आत्तापासून बसव. क्रोशाचं काहीतरी, मण्यांचं तोरण, दोन-चार भरलेले रुमाल. तिच्या हातून काय काय होतं ते उलट टपालाने कळव.

तुझ्या यजमानांना आशीर्वाद. त्यांच्या शाळेला वैशाखात सुट्टी असतेच, तेव्हा सबब नको.

तुझी
अक्का


येवले
ता. १६ जानेवारी १९३७

ती. सौ. अक्कास वत्सलेचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी देवापुढे साखर ठेवली आणि कुमुदने ती खाल्ली. तिला आनंद झाला आहे, पण कबूल करत नाही. ‘चहाची साखर आईला विचारतो तर मी काय विचारू?’ म्हणाली. मी म्हटलं, हे असलं काही मावशीपुढे बोलू नकोस.

आता रुखवत. अक्का, रागावू नकोस. क्रोशाची सुई हातात घेतली की या मुलीला ताप चढतो. मण्यांचं तोरण दोनदा मांडलं, दोनदा मणी घरभर झाले, अजून केर काढताना सापडतात. पण एक गोष्ट ती अशी सुरेख करते की बघत राहावं. सांगू? रिळाची शेपूट!

आठवते ना? लाकडी रीळ, वर चार बारीक खिळे, आणि केसांतला आकडा. दोरा खिळ्यांभोवती फिरवायचा, खालचा वेढा आकड्याने उचलून वरून टाकायचा, आणि भोकातून खाली शेपूट वाढत जायची. प्लेगच्या साली आपण गाव सोडून मळ्यातल्या झोपड्यांत राहायला गेलो होतो, तेव्हा झिपरू शिंप्याने मला रीळ दिलं आणि बाबांनी दगडाने खिळे ठोकले. तू मला शिकवलंस. दोरा झिपरूचाच, जाडा, पांढरा. किती मजेचे दिवस होते गं ते! शाळा नाही, घर सारवणं नाही, उघडं रान, मळ्यातली बोरं. मी दिवसभर विणत बसायचे. आपली शेपूट झोपडीच्या मेढीपासून विहिरीवरच्या उंबरापर्यंत न्यायची असं तू ठरवलं होतंस. मी कुमुदला लहानपणी हेच सांगत सांगत शिकवलं.

शेजारच्या जैतुनबी पैठणीच्या मागावरचे रेशमाचे उरलेले तुकडे तिला देतात. ते जोडून जोडून तिने जांभळी, पोपटी, केशरी अशी शेपूट केली आहे, आणि ती वाढतेच आहे. रुखवताच्या सगळ्या टेबलाला झालरीसारखी लावायची म्हणते. जैतुनबी हसून म्हणाल्या, “बाई, जपून बरं. लोक म्हनतील, पैठणी परवडली नाय म्हनून पोरीला शेपटी दिली.”

तुला कशी वाटते कल्पना?

तुझी
वत्सला


नाशिक
ता. २१ जानेवारी १९३७

चि. सौ. वत्सलेस आशीर्वाद.

कपाळाला हात लावून बसले आहे, एका हाताने लिहिते.

शेपूट! मी मंगलाबाईंच्या जावेच्या रुमालाची गोष्ट कशाला सांगितली? गाढवापुढे वाचली गीता. अगं, ती जाऊ तो रुमाल पंधरा वर्षं वागवते आहे, आणि आपण मंगलाबाईंपुढे शेपूट मांडायची? पोरासोरांचा खेळ तो. गायीच्या गळ्यात घंटा बांधायला बरा. उद्या त्या विचारतील, मुलीला काय काय येतं? तर मी सांगू, चार खिळ्यांभोवती दोरा फिरवता येतो?

क्रोशाचं नसेल जमत तर राहू दे. इथे आमच्या गल्लीत झुंबरबाई आहेत, त्यांचं काम नाशकात नावाजलेलं आहे. त्यांच्याकडून टेबलावरचं आच्छादन आणि तोरण करून घेते. आच्छादन अर्धवट ठेवायला सांगितलं आहे, ते पार्सलने पाठवीन. शेवटच्या चार ओळी कुमुदने विणाव्यात, म्हणजे तिचा हात लागला असं म्हणता येईल आणि खोटं बोलल्याचं पाप अर्धं होईल. सगळ्या जगात आया-मावश्याच रुखवत करतात. मुलीच्या हातचं म्हणायची नुसती रीत.

आणि एक. ते ‘मजेचे दिवस, बोरं, उघडं रान’ पुन्हा लिहू नकोस. ती जत्रा नव्हती.

तुझी
अक्का


येवले
ता. १० फेब्रुवारी १९३७

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

पार्सल पोचलं. काम खरोखर देखणं आहे. कुमुदने उलगडलं, बघितलं, ‘वा’ म्हणाली आणि घडी घालून परत बांधलं. चार ओळी विणायला तयार नाही. मी रागावले, हे रागावले, काही उपयोग नाही. ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला मधल्यामध्ये बोलणी नकोत:

“आई, मंगलाबाई विचारणार, हे कोणी केलं. मी ‘मी’ म्हटलं की पहिल्याच दिवशी खोटं. मग जन्मभर त्या मला म्हणणार, कर पाहू आणखी एक. मला जे येतं ते ठेवा. हसल्या तर एकदाच हसतील.”

सांग, याला काय उत्तर देऊ? मला तर पटलं. तेव्हा पार्सल परत करते. झुंबरबाईंचं काम झुंबरबाईंच्या नावाने ठेवावं असं तिचं म्हणणं आहे, तिची हरकत नाही. शेपूट मात्र ती लावणारच.

अक्का, तू इतकी का चिडतेस? मी हल्ली कुमुदची शेपूट वाढताना बघते आणि मला आपली आठवते. ती उंबरापर्यंत कधी पोचलीच नाही बघ. मी एवढी विणायचे, बोटं सोलून निघायची, आणि सकाळी बघावं तर पुन्हा आखूड. तू म्हणायचीस, दंवाने आक्रसते. मी इथे येवल्यात आले, मागावरचं सूत आणि रेशीम जन्मभर बघितलं. दंवाने एवढं आक्रसत नाही काही.

भावोजींना नमस्कार.

तुझी
वत्सला


नाशिक
ता. १५ फेब्रुवारी १९३७

चि. सौ. वत्सलेस,

पार्सल परत आलं. झुंबरबाई माझ्या दारात उभ्या असताना आलं, हे आणखी. मी काय सांगितलं असेल त्यांना? सांगितलं, मुलीला पसंत पडलं नाही. आता झुंबरबाई रुसल्या. त्यांनी उंबरठ्यातच पदर खोचला आणि म्हणाल्या, “आमचं काम पसंत नाही म्हणजे मुलगी विलायतेत शिकली असेल.” नाकी नऊ आले आहेत मला. मांडवाचे बांबू येऊन पडलेत, भटजी मुहूर्तावरून भांडतात, इकडून रोज विचारणं होतं की लग्न कोणाचं आहे, आणि माझी सख्खी बहीण मला दंवाच्या गोष्टी लिहिते.

तर आता स्पष्ट लिहिते. ती शेपूट माझ्या मांडवात येणार नाही. मंगलाबाई हसतील म्हणून नव्हे. ती वस्तू अशुभ आहे. का, ते विचारू नकोस. मंगल कार्यात ती मी डोळ्यापुढे ठेवू शकत नाही, बस्स. तुला आणि तुझ्या लेकीला तोच हेका धरायचा असेल तर धरा. मांडव आहे, आचारी आहे, तुझे भावोजी आहेत, लग्न होईल. मी त्या दिवशी त्र्यंबकेश्वरी जाऊन बसेन.

सगुणा


येवले
ता. २२ फेब्रुवारी १९३७

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझ्याशिवाय या घरात लग्न होणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि म्हणून तू हे लिहितेस. मला तुझा फार राग आला आहे. कुमुदने पत्र वाचलं. रीळ बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘मावशी येणार नसेल तर मला हे लग्नच नको.’ तू ज्या मुलीसाठी चपला झिजवल्यास तिला चार शब्दांत रडवलंस. तीही उलट बोलते आणि तूही. मध्ये मी.

आता जे लिहिते ते मी कधी लिहिणार नव्हते.

अक्का, मला ठाऊक आहे.

आईला हॉस्पिटलच्या झोपड्यांत नेलं आणि मी रडून रान उठवलं. तेव्हा तू माझ्या हातात रीळ दिलंस. म्हणालीस, शेपूट उंबराला पोचली की आई येईल. तू स्वतः केवढी होतीस? बारा वर्षांची. मी विणत सुटले. एक दिवस दुपारी बोरं वेचून लवकर परत आले. तू झोपडीच्या मागे पाठमोरी बसली होतीस. मांडीवर माझी शेपूट होती. तू रीळ हातात धरून खिळ्यांवरचे वेढे सोडवलेस आणि दोरा ओढत होतीस. भराभर ओढत होतीस आणि गुडघ्याभोवती गुंडाळत होतीस, आणि तुझी पाठ हलत होती. मी तशीच पाय न वाजवता मागे फिरले.

संध्याकाळी तू मला दोरा दिलास. म्हणालीस, “बघ, बाबांनी नवा आणला.” अगं, नवा दोरा सरळ असतो. उसवलेला कुरळा होतो. एवढं सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. आई येणार असती तर तू उसवलं कशाला असतंस?

मग मी का विणत राहिले, विचार. आईसाठी नव्हे. तुला उसवायला काही नसलं की तू नुसती बसून राहायचीस, जेवायची नाहीस, मेढीकडे बघत राहायचीस. विणलेलं असलं की दुपारी तेवढा वेळ तरी रडून घ्यायचीस. म्हणून मी रोज तुझ्यापुरती विणायचे. पुढे घरी परतलो, आत्याने आईची लुगडी नेली, बाबा बोलेनासे झाले. कोणी मला काही सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. आजही आपण दोघी नुसतं ‘त्या साली’ म्हणतो आणि विषय बदलतो.

ते मजेचे दिवस होते असं मी लिहिते, कारण त्या दिवसांत मला फक्त तू होतीस, आणि तू दिवसभर माझी होतीस. तुला ती शेपूट अशुभ वाटते. मी ती माझ्या मुलीला पाळण्यात असल्यापासून दाखवली. यावर भांडून काही होणार नाही. आता तू ठरव.

तुझी
वत्सला


येवले
ता. २९ मार्च १९३७
(पोस्टकार्ड)

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

महिना उलटून गेला. तुझं अक्षर नाही. भावोजींनी यांना शाळेच्या पत्त्यावर लिहिलं की मांडवाचं काम चालू आहे आणि ‘बाईसाहेब कोणाशी बोलत नाहीत, आचाऱ्याशी सोडून’. मी बांधाबांध करू की नको? कुमुदने रीळ पुन्हा हातात घेतलेलं नाही, तसंच शेपटीला लटकतं आहे. एक ओळ तरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

वत्सला


नाशिक
ता. २ एप्रिल १९३७
(पोस्टकार्ड)

चि. सौ. वत्सलेस,

बांधाबांध कर. विचारतेस काय? अक्षता वाटून झाल्या. येताना येवल्याच्या बाजारातून शेवयांना चांगला रवा आण, इथला जाडा येतो. मनमाडला गाडी बदलताना सामान मोजून घे, मागच्या वेळी वळकटी राहिली होती. नाशिक रोडला टांगा ठरवून ठेवते, तिथे घासाघीस करत उन्हात उभी राहू नकोस. ती शेपूट आणायची तर आण. टेबलाच्या मागच्या कडेला लाव, चिवड्याच्या परातीआड. आणखी काही लिहायला मला सवड नाही. झुंबरबाईंची समजूत पटली, आच्छादन त्यांच्या नावाने राहील.

अक्का


येवले
ता. १८ मे १९३७

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. घर फार रिकामं वाटतं. पण ते जाऊ दे, आधी हे सांग: तू विहिणीला मारलंस?

इथे माझ्याआधी बातमी पोचली आहे. यांच्या शाळेतल्या शिपायाची मेहुणी वऱ्हाडात होती, तिने येवलाभर केलं. कोणी म्हणतं, रुखवतापुढे तू मंगलाबाईंच्या हातावर फटका मारलास. कोणी म्हणतं, त्यांची बांगडी फोडलीस. जैतुनबी मला दारातच म्हणाल्या, “तुमची बहीन लय तिखट दिसती, विहिणीचा हातच मुरगाळला म्हनं?” मी तेव्हा आत कुमुदजवळ गौरीहरापाशी होते, मला काहीच कळलं नाही. निघताना तुला विचारणार होते तर तू आचाऱ्याशी भांडत होतीस. मंगलाबाई तर मला निरोप देताना नीट बोलल्या, ‘मुलगी आता आमची’ म्हणाल्या. मग हे काय आहे? कुमुद त्या घरात आहे, अक्का. खरं काय ते लगेच लिही.

तुझी
वत्सला


नाशिक
ता. २३ मे १९३७

चि. सौ. वत्सलेस,

मारलं नाही. मनगट धरलं. बांगडी वाढली हे खरं आहे, एकच, आणि ती त्यांच्या हाताची नव्हे, माझ्या. त्या शिपायाच्या मेहुणीला माझा दंडवत सांग. आता जे झालं ते क्रमाने लिहिते, मध्ये तोंड घालू नकोस.

मी ‘परातीआड लाव’ लिहिलं होतं. तुझ्या लेकीने मुंडावळ्या बांधायला जाण्याआधी येऊन ती शेपूट अख्ख्या टेबलाला पुढून लावली, सरळ डोळ्यांवर येईल अशी. मी बघितलं तेव्हा पंचवटीच्या बायका दारात होत्या. आता काढणार कशी?

मंगलाबाईंनी नेहमीप्रमाणे तपासणी सुरू केली. लाडू हातात घेऊन वजन बघितलं. झुंबरबाईंचं आच्छादन उलटं केलं, गाठी सापडल्या नाहीत, पुढे सरकल्या. मग शेपटीपाशी आल्या. “हे काय?” मी म्हटलं, दोरी. “कोणी केली?” म्हटलं, कुमुदने. त्यांनी ती उलटी करून बघितली. पण ती गोलच, तिला उलटी बाजू कुठली? त्यांचा विरस झाला. त्या चाचपत चाचपत टोकापर्यंत गेल्या. तिथे तुझ्या लेकीने रीळ काढून घेतलं होतं आणि दोरा तसाच लोंबत ठेवला होता. मंगलाबाईंनी तो धरला आणि ओढला.

सुर्रकन उसवली, वत्सले. जांभळं रेशीम कुरळं होऊन त्यांच्या हातात आलं. बायका हसल्या. “अहो, ही तर उसवते!” म्हणून त्यांनी पुन्हा ओढला, सगळ्यांना दाखवायला.

मग मी त्यांचं मनगट धरलं. कधी धरलं ते मला कळलं नाही. एवढं घट्ट की माझीच बांगडी वाढली. आणि मी मोठ्याने, साऱ्या मांडवापुढे म्हटलं, “ओढू नका. आमची आई यायची आहे.”

झुंबरबाईंच्या हातातलं पान खाली पडलं. एका बाईने दुसरीच्या कानाला तोंड लावलं, हिचं डोकं फिरलं म्हणाली असणार. मी हात सोडला. मला वाटलं, झालं, मनमाडनंतर आता पंचवटीही गेली, आणि या वेळी माझ्यामुळे.

मंगलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “कुठल्या मळ्यात होतात?”

मी सांगितलं, गंगापूरच्या रस्त्याला.

“आम्ही तपोवनाच्या अंगाला,” एवढंच म्हणाल्या. नाशकातल्या आमच्या वयाच्या बायकांना याहून जास्त सांगावं लागत नाही.

मग ती बाई, जिच्यापुढे मी चार महिने थरथर कापत होते, शालू सावरून खाली सतरंजीवर बसली. अंबाड्यातला आकडा काढला. उसवलेल्या टोकाला चार वेढे उघडे दिसत होते, त्यांतून एकेक करत दोरा ओवून घेतला, ओढून आवळला आणि उरलेला दाताने तोडला. “मुलीला बंद करायला शिकवलं नाही का कोणी?” म्हणाल्या.

मी म्हटलं, “आम्हाला ठाऊकच नाही. आमची कधी संपली नाही.”

“आमची संपली होती,” म्हणाल्या. आणि उठल्या. उठल्याबरोबर पुन्हा विहीण झाल्या, चिवडा खारट आहे म्हणाल्या, पंगतीत मठ्ठा उशिरा आला म्हणून माझ्या तोंडावर इकडच्यांना ऐकवलं. पण त्या बायकांपैकी एकीलाही त्यांनी शेपटीबद्दल पुढे बोलू दिलं नाही. काल बाजारातून परतताना मी पंचवटीत डोकावले. कुमुद आणि त्या दोघी ओटीवर बसून वाद घालत होत्या, वेढे चार असावेत की पाच. तुझी लेक उलट बोलत होती. त्याही उलट बोलत होत्या. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. तेव्हा काळजी सोड.

आता माझं.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. मला फार राग आला होता. एवढी वर्षं मी समजत होते की मी तुला सांभाळलं, आणि सहा वर्षांची तू मला सांभाळत होतीस. हे मला कोणी सांगायला नको होतं का? तो राग अजून पुरता गेलेला नाही, भेटलीस की भांडेन.

पण त्या दिवशी मंगलाबाईंनी दात लावून दोरा तोडला, आणि माझ्या मनात आलं की आपण कुमुदला सुरू करायला शिकवलं, वाढवायला शिकवलं, बंद करणं राहूनच गेलं. तू तरी कुठून शिकवणार? तुला मी शिकवलं, आणि मला ठाऊक नव्हतं. मला ते शिकायचंच नव्हतं.

घरात कोणी गेलं की थोरल्याने धाकट्यांना कळवायचं असतं. बाबांनी मला कळवलं, मेढीला टेकून, एका वाक्यात. मी तुला कळवायचं होतं. त्याऐवजी तुला ते कुरळ्या दोऱ्यावरून कळलं. मुलीला आपली आई गेल्याचं असं कळू नये. तर ते राहिलेलं काम आज करते. असल्या पत्राची सुरुवात आशीर्वादाने करत नाहीत, म्हणून आज ते वर लिहिले नाहीत.

वत्सले, आपली आई गेली.

पत्र वाचून झालं की फाडून टाक, असली पत्रं घरात ठेवत नाहीत. मग डोक्यावरून आंघोळ कर. मी आता उठून तेच करते आहे.

तुझी
अक्का